नियम पाठ आहेत, मॉकमध्ये मात्र सेंटेन्स इम्प्रूव्हमेंट चुकतंच: कुठे अडतं आणि काय करायचं

तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. एसएससी सीजीएलची, म्हणजे केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठीच्या पदवीधर परीक्षेची, तयारी चालू आहे, व्याकरणाचं जाडजूड पुस्तक करून झालंय, सब्जेक्ट-व्हर्बचे नियम झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात. प्रकरणाच्या शेवटचे सराव प्रश्न धडाधड बरोबर येतात, आणि आठवड्याच्या मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, नेमका त्याच नियमावरचा प्रश्न चुकतो. सेंटेन्स इम्प्रूव्हमेंट म्हणजे वाक्याच्या अधोरेखित भागासाठी योग्य पर्याय निवडायचा प्रश्न; त्यात चारांतले दोन पर्याय उडवता येतात. उरलेल्या दोनांत हात चुकीच्या पर्यायावरच पडतो. ‘नो इम्प्रूव्हमेंट’चं, म्हणजे ‘वाक्य आहे तसंच बरोबर’ या पर्यायाचं, तर विचारूच नका: नको तिथे मारलं जातं, हवं तिथे धीर होत नाही. नागपुरात धरमपेठ, रामनगर, मेडिकल चौक, कुठल्याही अभ्यासिकेच्या पायऱ्यांवर चहा घेताना कान दिलात तर हेच ऐकू येईल. “भाऊ, नियम तर सगळा येते, पण पेपरात चुकूनच राहिलं ना बे!”

यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘इंग्रजी पेपर वाचा, आपोआप जमेल.’ वाचावा, जरूर वाचावा. पण परीक्षा दोन महिन्यांवर असताना या सल्ल्याचा उपयोग शून्य. दुसरा सल्ला आणखी एक पुस्तक घेण्याचा. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, पुस्तकांची कमी नाही, पण नियम ज्याला आधीच येतात त्याला तेच नियम वेगळ्या मुखपृष्ठात घालून काय मिळणार?

आधी एक गोष्ट मिटवून टाकू, कारण यात पोरांचा फार वेळ जातो. ‘सेंटेन्स करेक्शन’ असं शोधलं की निम्मं साहित्य जीमॅटचं निघतं. जीमॅटची नवी आवृत्ती २०२३च्या नोव्हेंबरमध्ये आली आणि तिच्यातून हा प्रश्नप्रकारच गेला. जुनी आवृत्ती २०२४च्या जानेवारीअखेर बंद झाली. म्हणजे एमबीएसाठी जीमॅट देणाऱ्याने यावर डोकं खपवायचं कारणच उरलेलं नाही, आणि सीजीएल किंवा सीडीएस (सैन्यदलांतल्या अधिकारी भरतीची परीक्षा) देणाऱ्याने ते लांबलचक, चार ओळींचे प्रश्न सोडवून घाबरून जायचं कारण नाही. आपल्याकडचे प्रश्न आखूड असतात, एका वाक्यात एक किंवा फार तर दोन गोष्टी तपासतात. सीजीएलच्या टियर १मध्ये, म्हणजे पहिल्या टप्प्यात, ६० मिनिटांत १०० प्रश्न, त्यातले २५ इंग्रजीचे. सरासरी काढली तर प्रश्नामागे ३६ सेकंद. सीडीएसच्या इंग्रजीत १२० प्रश्नांना दोन तास, म्हणजे मिनिटाला एक. इथे खोल विचारापेक्षा ठरलेल्या क्रमाने बघण्याची सवय कामाला येते.

बिघाड कुठे आहे ते आधी शोधा

मागच्या दोन-तीन मॉकमधले चुकलेले सगळे प्रश्न काढा. बरोबर उत्तर झाका. तुम्ही जो चुकीचा पर्याय मारला होता तो का मारला, हे प्रत्येकासमोर एका ओळीत लिहा. खरं लिहा, कोणाला दाखवायचं नाहीये.

ज्याच्यासमोर ‘हा नियम माहीतच नव्हता’ असं येईल, तो प्रश्न पुस्तकाचा. परत जा, वाचा, विषय संपला. ‘वाक्य नीट वाचलंच नाही’ असं येईल, तो घाईचा. पण बहुतेकांच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा एकच ओळ उमटते: ‘वाचताना बरोबर वाटलं.’ खरा बिघाड इथे आहे.

असं का होतं? पुस्तकात प्रकरणाचं नावच ‘टेन्स’ असतं. म्हणजे प्रश्न सोडवण्याआधीच अर्धं उत्तर डोळ्यांसमोर असतं, कुठे बघायचं ते मथळा सांगतो. मॉकमध्ये मथळा नसतो. मग माणूस वाक्य मनात म्हणून बघतो आणि कानाला जे बरं लागेल ते निवडतो. आणि आपला कान कशावर तयार झालाय? घरची मराठी, चौकातली हिंदी आणि दुकानांच्या पाट्यांवरची, ग्रुपवर फिरणारी इंग्रजी. त्या कानाला ‘डिस्कस अबाउट’ बरोबरच वाटणार. प्रश्न काढणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं. चुकीचे पर्याय तो हवेतून आणत नाही. आपल्या तोंडी रोज असलेल्या चुकाच तिथे मांडून ठेवतो.

क्रम बदला: आधी पर्याय, मग वाक्य

एक प्रश्न सावकाश बघू. वाक्य असं आहे:

‘द क्वालिटी ऑफ द ऑरेंजेस कमिंग फ्रॉम द ऑर्चर्ड्स अराउंड काटोल अँड नरखेड हॅव इम्प्रूव्ह्ड सिन्स लास्ट इयर.’

अधोरेखित भाग: ‘हॅव इम्प्रूव्ह्ड सिन्स’. पर्याय: ‘हॅज इम्प्रूव्ह्ड सिन्स’, ‘हॅव बीन इम्प्रूव्हिंग फॉर’, ‘हॅज इम्प्रूव्ह्ड फॉर’ आणि ‘नो इम्प्रूव्हमेंट’.

मनात म्हणून बघा. ‘काटोल अँड नरखेड हॅव इम्प्रूव्ह्ड’ हे कानाला अगदी गुळगुळीत लागतं. दोन गावांची नावं, त्याआधी बागा, त्याआधी संत्री, सगळं अनेकवचनी. कान ‘हॅव’वर बोट ठेवून मोकळा होतो.

आता उलट करा. पर्यायांवर उभी नजर टाका आणि एवढंच विचारा, की हे एकमेकांपासून कुठे वेगळे आहेत. दोनच जागा सापडतात: ‘हॅज’ की ‘हॅव’, आणि ‘सिन्स’ की ‘फॉर’. म्हणजे प्रश्न दोनच गोष्टी विचारतोय. काटोलशी, बागांशी आपल्याला काही देणंघेणं नाही. पहिली गोष्ट: कर्ता कोण? ‘ऑफ’ दिसला की तिथपासून क्रियापदापर्यंतचा मजकूर डोळ्यांनी उचलून बाजूला ठेवा. राहतं ‘क्वालिटी’. क्रियापद त्याला चिकटवून वाचा: ‘क्वालिटी हॅज’. झटक्यात ‘हॅव’वाला पर्याय आणि ‘नो इम्प्रूव्हमेंट’ दोन्ही गेले. दुसरी गोष्ट: ‘लास्ट इयर’ हा सुरुवातीचा बिंदू आहे, कालावधी नाही, म्हणून ‘सिन्स’. झालं.

यात चौथा पर्याय आपण ‘वाटतं’ म्हणून सोडला नाही, कारण सांगून सोडला. प्रत्येक उडवलेल्या पर्यायामागे तीन-चार शब्दांचं कारण असलं पाहिजे. ‘कर्ता एकवचनी’, ‘कालावधी नाही’. कारण सांगता आलं नाही तर पर्याय उडवायचा नाही, तो अजून शर्यतीत आहे.

सुरुवातीला याला वेळ जास्त लागतो आणि मॉकचे गुण थोडे खालीही येतात. इथेच बरीच पोरं ही पद्धत सोडून परत कानावर जातात. आठवडाभर घड्याळ न लावता करा, मग घड्याळ लावा.

आपला कान कुठे कुठे फसतो

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नियमांची यादी कुठल्याही पुस्तकात आहे. पण मराठीत विचार करणाऱ्याला, त्यातही आपल्या विदर्भातल्या माणसाला, कोणता नियम डोळ्यांसमोर असून दिसत नाही, हे सहसा कोणी सांगत नाही.

आपण काय बोलतो? “समजून नाही राहिलं.” “दिसून राहिलं का तुले?” प्रत्येक क्रियापदाला ‘राहिलं’ लावायची आपली सवय. त्यामुळे ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग धिस क्वेश्चन’ किंवा ‘शी इज नोइंग द आन्सर’ यात आपल्याला काही खटकतच नाही. इंग्रजीत ‘नो’ (माहीत असणं), ‘अंडरस्टँड’, ‘बिलाँग’, ‘ओन’ यांसारखी स्थिती दाखवणारी क्रियापदं सहसा ‘इंग’ घेत नाहीत. ‘हॅव’चं जरा तिरपागडं आहे: ‘ही इज हॅविंग टू ब्रदर्स’ चूक, ‘ही इज हॅविंग लंच’ बरोबर, कारण जेवण ही चालू असलेली क्रिया आहे आणि भाऊ असणं ही क्रिया नाही. पर्यायांत कुठे ‘इज’ अधिक ‘इंग’ दिसलं की थांबायचं आणि विचारायचं: हे करता येणारं काम आहे, की नुसती अवस्था?

दुसरा सापळा ‘जोपर्यंत’चा. ‘जोपर्यंत तू फी भरत नाहीस तोपर्यंत हॉलतिकीट मिळणार नाही.’ मराठीत ‘नाही’ दोनदा येतं आणि ते बरोबरच आहे. म्हणून ‘अनटिल यू डू नॉट पे द फी, यू विल नॉट गेट द ॲडमिट कार्ड’ आपण बिनदिक्कत पास करतो. ‘अनटिल’ आणि ‘अनलेस’ यांच्या पोटात नकार आधीच आहे, तिथे ‘नॉट’ पुन्हा लागत नाही. शेजारचाच भाऊ ‘इफ’. आपण म्हणतो ‘तू येशील तर मी येईन’, दोन्हीकडे भविष्यकाळ. इंग्रजीत अशा अटीत ‘इफ’च्या बाजूला साधा वर्तमानकाळ: ‘इफ यू कम, आय विल कम.’ ‘इफ’ला लागून ‘विल’ दिसलं की सहसा चूक तिथेच असते.

काळाची गंमत वेगळी. ‘मी काल फॉर्म भरला आहे’, यात मराठी माणसाला काही गैर वाटणार नाही. ‘आय हॅव फिल्ड द फॉर्म यस्टरडे’ मात्र चूक. ‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘इन २०१९’, ‘टू डेज अगो’ असा संपलेला काळ वाक्यात आला, की ‘हॅव’ हटवा आणि साधा भूतकाळ ठेवा. अशा प्रश्नात लक्ष क्रियापदाकडे जातं आणि पुरावा असतो वाक्याच्या शेपटीला. म्हणून काळाचा प्रश्न आहे असं दिसलं की आधी वेळ दाखवणारा शब्द शोधायचा.

आता ज्यात चांगली चांगली पोरं पडतात तो प्रकार. ‘व्हाइल क्रॉसिंग द रोड नीअर व्हरायटी चौक, अ ट्रक हिट हिम.’ सांगा, काय चुकलं? मराठीत ‘व्हरायटी चौकात रस्ता ओलांडताना त्याला ट्रकने धडक दिली’ हे शंभर टक्के शुद्ध आहे. ओलांडणारा तो, धडक देणारा ट्रक, ऐकणाऱ्याला सगळं कळतं. इंग्रजीत मात्र ‘क्रॉसिंग’ कोण करतंय, याचं उत्तर स्वल्पविरामानंतरच्या कर्त्याने द्यायचं असतं. इथे कर्ता ट्रक. म्हणजे ट्रकच रस्ता ओलांडत होता! बरोबर वाक्य: ‘व्हाइल क्रॉसिंग द रोड नीअर व्हरायटी चौक, ही वॉज हिट बाय अ ट्रक.’ वाक्य ‘इंग’वाल्या तुकड्याने सुरू झालं की स्वल्पविरामानंतरच्या पहिल्या नामाला विचारायचं, “हे काम तूच करत होतास का?” उत्तर नाही आलं तर ते वाक्य बाद. आपली भाषा ‘-ताना’ला मोकळीक देते म्हणून ही चूक आपल्याला ऐकू येत नाही. ती नजरेनेच पकडावी लागते.

तुलनेचंही तसंच. ‘नागपूरचा उन्हाळा पुण्यापेक्षा कडक’ यात आपण पुण्याच्या उन्हाळ्याबद्दलच बोलतोय हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण ‘द समर ऑफ नागपूर इज हॉटर दॅन पुणे’ म्हटलं, की एका बाजूला उन्हाळा आणि दुसऱ्या बाजूला अख्खं शहर. हवं ‘दॅन दॅट ऑफ पुणे’. अनेकवचन असेल, ‘द रोड्स ऑफ’, तर ‘दॅन दोज ऑफ’. ‘दॅन’च्या दोन्ही बाजूंना एकाच जातीची वस्तू आहे का, एवढं बघितलं की पुरे.

‘आय डोंट नो व्हेअर इज द एक्झाम सेंटर’ हाही आपला लाडका. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की त्याचा क्रम साधा होतो: ‘व्हेअर द एक्झाम सेंटर इज.’

शब्दयोगी अव्ययांवर जास्त बोलण्यात अर्थ नाही, ती पाठच करावी लागतात. ‘डिस्कस’नंतर काही नाही, ‘डिस्पाइट’नंतर ‘ऑफ’ नाही, ‘कोप’नंतर ‘अप’ नाही, ‘प्रिफर’ आणि ‘सीनियर’ला ‘टू’, ‘मॅरिड’लाही ‘टू’. ‘नो सूनर’चा जोडीदार ‘दॅन’, ‘हार्डली’ आणि ‘स्कार्सली’चा ‘व्हेन’. यादी भिंतीला लावा आणि पुढे व्हा.

‘वन ऑफ’चा गुंता

हा वेगळा काढतो, कारण यावर अभ्यासिकेत हमखास भांडण होतं. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन सक्करदरा’: नाम अनेकवचनी, क्रियापद एकवचनी. इथपर्यंत सगळे ठीक. मग येतं ‘ही इज वन ऑफ द स्टुडंट्स हू हॅव क्लिअर्ड टियर टू.’ पोरं ‘वन ऑफ’ बघतात आणि डोळे झाकून ‘हॅज’ करतात. पण इथे ‘हू’ चिकटलंय ‘स्टुडंट्स’ला: टियर २ पास झालेले बरेच विद्यार्थी आहेत, त्यांतला हा एक. म्हणून ‘हॅव’. तेच वाक्य ‘द ओन्ली वन ऑफ द स्टुडंट्स हू’ झालं तर पास झालेला एकटाच, म्हणून ‘हॅज’. ‘वन ऑफ’ पाहून ठरवू नका, ‘हू’च्या आधी कोणाबद्दल बोलणं चाललंय ते पाहून ठरवा.

‘नो इम्प्रूव्हमेंट’ची भीती

दोन स्वभाव दिसतात. एकाला वाटतं प्रश्न विचारलाय म्हणजे चूक असणारच. दुसऱ्याला चूक सापडली नाही की तो लगेच हा पर्याय मारून पुढे जातो. दोघांनाही औषध एकच: मूळ वाक्याकडे बघायच्या आधी बाकीचे तीन पर्याय मोडून बघा. तिन्हींना स्वतंत्र कारण मिळालं, तर ‘नो इम्प्रूव्हमेंट’ निर्धास्त मारा. एखाद्याला मिळालं नाही, तर तो पर्याय आणि मूळ वाक्य शेजारी ठेवून त्यांतला फरक शोधा. आणि ‘मूळ वाक्य जरा वेगळं लिहिता आलं असतं’ हे काही वाक्य चूक ठरवायचं कारण होत नाही. परीक्षेला सुंदर वाक्य नको असतं, बिनचूक हवं असतं.

शेवटी दोनच उरले आणि पुढे सरकत नाही

अशा वेळी आकडेमोड माहीत असलेली बरी, म्हणजे हात थरथरत नाही. टियर १मध्ये बरोबरला २ गुण, चुकीला ०.५० वजा. दोनांत अंदाज लावला तर सरासरीने पाऊण गुण पदरात पडतो, म्हणून प्रश्न सोडू नका. टियर २ला इंग्रजीचे ४५ प्रश्न, प्रत्येकी ३ गुण, चुकीला १ वजा. तिथेही दोनांतला अंदाज फायद्याचाच, सरासरी एक गुणाचा. मात्र चारांतून डोळे मिटून मारलं तर टियर २मध्ये सरासरी बरोबर शून्यावर येते. सीडीएसला वजाबाकी एक-तृतीयांश, तिथेही चारांत डोळे मिटून मारण्याचा हिशेब शून्यच. थोडक्यात, निदान एक पर्याय कारण देऊन उडवता आला पाहिजे, त्याआधी अंदाज नको.

उरलेल्या दोन पर्यायांवर अर्थाची चाळणी लावून बघा. व्याकरणाने दोन्ही उभे राहतात आणि एकाने वाक्याचा अर्थच बदलतो, असं होतं. ‘ओन्ली’ची जागा हे त्याचं नेहमीचं उदाहरण: ‘ही ओन्ली अटेंडेड’ आणि ‘ओन्ली ही अटेंडेड’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वही कशी ठेवायची

बहुतेकांच्या चुकांच्या वहीत बरोबर उत्तर आणि नियम असतो. नियम तर पाठच होता, तो पुन्हा लिहून काय साधलं? वहीत लिहायचं ते दुसरंच: मी कोणता चुकीचा पर्याय मारला आणि त्याने मला कशाने ओढलं. ‘काटोल-नरखेड जवळ होतं म्हणून हॅव.’ ‘मराठीत जोपर्यंत-नाही आहे म्हणून नॉट चाललं.’ अशा काही ओळी जमल्या की त्याच दोन-तीन जागी तुमचा कान पुन्हा पुन्हा घसरतोय हे दिसू लागतं. मॉकच्या आदल्या रात्री तेवढंच वाचायचं.

सराव प्रकरणवार थांबवा. टेन्सचे पन्नास प्रश्न सलग सोडवण्यात समाधान मिळतं, पण त्यात मथळ्याची कुबडी पुन्हा येते. मागच्या वर्षांच्या एसएससीच्या प्रश्नपत्रिका घ्या आणि प्रश्न सरमिसळ सोडवा. उत्तराआधी ‘हा प्रश्न कशाबद्दल आहे’ एवढंच म्हणा: कर्ता, काळ, तुलना, अव्यय. सुरुवातीला उत्तर चुकलं तरी चालेल, नाव बरोबर आलं पाहिजे.

एवढं करूनही काही प्रश्न हाती लागत नाहीत. ते बहुधा वाक्प्रचारांचे किंवा ठरलेल्या जोड्यांचे असतात, ‘टर्न अ डेफ इअर टू’ यासारखे. तिथे तर्क चालत नाही, येतं तर येतं. दहा सेकंदांत आलं नाही तर पुढचा प्रश्न घ्या.

आणि खरी परीक्षा देऊन झाली की एक काम विसरू नका. एसएससी तात्पुरत्या उत्तरतालिकेबरोबर तुमची स्वतःची रिस्पॉन्स शीटही, म्हणजे तुम्ही मारलेली उत्तरंही, उघडून देतं. हरकत घ्यायची असेल तर प्रश्नागणिक शुल्क भरून त्याच मुदतीत घेता येते. हरकत घ्या किंवा नका घेऊ, इंग्रजीचे प्रश्न मात्र उतरवून ठेवा. घरच्या खुर्चीत नाही, सेंटरवरच्या घामाघूम वेळेत तुमचा कान कुठे घसरला, ते फक्त त्या कागदावर असतं, आणि मुदत संपली की ती लिंक बंद होते.